मिडेमाचे शंभर गोल : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील एका उत्तराच्या ओघात, नेदरलँड्सची फुटबॉलपटू विव्हियान मिडेमा हिने देशासाठी शंभर गोल पूर्ण केल्याचा उल्लेख मी एका वाक्यात करून पुढे गेले होते. त्या एका वाक्यावर लालबागपासून बोरिवलीपर्यंतच्या वाचकांनी इतकी पत्रे लिहिली, की या वेळचे सदर केवळ तिच्यासाठी राखून ठेवणे मला योग्य वाटले. बहुतेक पत्रे मुलींच्या पालकांची आहेत आणि तीन-चार पत्रे खुद्द खेळणाऱ्या मुलींची आहेत. सारखेच प्रश्न विचारणारी पत्रे मी एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची असून आमच्या चाळीशेजारच्या मैदानात ती मुलांबरोबर फुटबॉल खेळते. ती चांगली खेळते असे तिचे सर सांगतात. परंतु सासूबाईंना आणि आता काही मुलांच्या आईवडिलांनाही ते पसंत नाही. ताई, आपण उल्लेख केलेली मिडेमा लहानपणी मुलांबरोबर खेळली होती का, आणि खेळली असल्यास किती वयापर्यंत?
(सौ. र. पा., लालबाग)

उत्तर : होय, आणि तीही थोडीथोडकी वर्षे नव्हे. मिडेमाचा जन्म १५ जुलै १९९६ रोजी नेदरलँड्सच्या ईशान्येकडील ड्रेन्थे प्रांतातल्या होगेव्हेन या गावी झाला. पाच वर्षांची असल्यापासून चौदाव्या वर्षापर्यंत ती गावातल्याच दोन क्लबांच्या मुलांच्या संघांतून खेळली. त्या देशात लहान गावालाही आपला फुटबॉल क्लब असतो, क्लबात वयोगटानुसार संघ असतात आणि मुलामुलींचे मिश्र संघ तिथल्या फुटबॉल संघटनेला मान्य आहेत. मिश्र संघांची वयोमर्यादाही संघटनेने टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. त्यामुळे मिडेमाला मुलांत खेळण्यासाठी कोणाशी भांडावे लागले नाही, हे मला तिच्या बालपणातले सर्वांत मोठे भाग्य वाटते.

मुलांबरोबर खेळल्याने काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांचे पाय लांब होऊ लागतात, धावण्याचा वेग वाढतो आणि धक्क्यात जोर येतो. अशा वेळी त्यांच्यात टिकायचे असेल तर मुलीला चेंडू पायाशी येण्याआधीच ठरवावे लागते की तो कोणाकडे द्यायचा आणि आपण कुठे सरकायचे. मिडेमा मोठेपणी फार वेगवान खेळाडू म्हणून कधीच ओळखली गेली नाही. बचावपटूच्या पाठीमागची मोकळी जागा तिला इतरांच्या आधी दिसते, अशी तिची ख्याती आहे. ही नजर होगेव्हेनच्या मैदानावर स्वतःपेक्षा दांडग्या मुलांना चुकवताना तयार झाली असावी, असे माझे मत आहे.

चौदाव्या वर्षी तिला हीरेनव्हेनच्या महिला संघाने घेतले आणि २०११ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, ती देशाच्या सर्वोच्च महिला लीगमध्ये उतरली. तोवर इतक्या लहान वयात त्या लीगमध्ये कोणीही खेळले नव्हते. पुढे बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या संयुक्त लीगमध्ये २०१३-१४ च्या हंगामात तिने ३९ गोल केले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मुलांचा संघ सुटला त्याच वर्षी महिलांचा संघ तयार होता, ही गोष्ट मी पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे नेमका तिथेच खंड पडतो.

मध्य मुंबईतल्या एका शाळेत मी बरीच वर्षे संघ तयार करत असे. मुलींचा वेगळा संघ उभा राहण्याइतक्या मुली नव्हत्या, म्हणून बारा वर्षांची एक मुलगी आमच्या मुलांच्या संघात खेळे. एका आंतरशालेय स्पर्धेत सामन्याच्या सकाळी आयोजकांनी खेळाडूंच्या यादीतले तिचे नाव लाल पेनाने खोडले आणि कागद माझ्या हातात परत दिला. ती रडली नाही. पाण्याच्या बाटल्यांशेजारी बसून तिने पूर्वार्ध पाहिला आणि मध्यंतरात तिच्या जागी खेळणाऱ्या मुलाला सांगितले, की त्यांचा डावा बचावपटू चेंडू मिळाला की दर वेळी आतल्याच बाजूला वळतो, तिथे आधीच जाऊन उभा राहा. उत्तरार्धातला आमचा गोल तसाच झाला. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. तिच्यासाठी पुढची पायरी कुठे आहे, हे मला सांगता आले नव्हते.

म्हणून आपल्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एवढेच कळवा, की अकराव्या वर्षी मुलांत खेळणे ही युरोपातल्या उत्तम महिला फुटबॉलपटूंच्या घडणीतली नेहमीची गोष्ट आहे. शक्य असल्यास त्यांना एकदा संध्याकाळी मैदानाच्या कडेला नेऊन बसवा. नातीचा खेळ आजीने डोळ्यांनी पाहिला, की पुष्कळ प्रश्न तिथेच मिटतात. आपण मात्र आतापासूनच पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या टप्प्यात मुलींचा संघ असलेला क्लब शोधून ठेवा. तेरावे वर्ष उजाडेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : देशासाठी शंभर गोल हा पुरुषांपेक्षाही मोठा विक्रम आहे का? वर्गात यावरून आमची पैज लागली आहे.
(अ. जो., दादर)

उत्तर : नेदरलँड्सपुरता आहे, आणि फरकही पुष्कळ आहे. नेदरलँड्सच्या पुरुष संघात रॉबिन व्हॅन पर्सी याचे ५० गोल हा दीर्घकाळ विक्रम होता आणि मेम्फिस डिपायने तो २०२५ मध्ये मागे टाकला. व्हॅन पर्सी हा मिडेमाचा लहानपणीचा आदर्श. महिलांमध्ये तिच्याआधी मॅनन मेलिसचे ५९ गोल होते. २०१९ च्या विश्वचषकात कॅमेरूनविरुद्ध दोन गोल करून मिडेमा त्यांच्यापुढे गेली, तेव्हा ती अवघी बावीस वर्षांची होती. शंभरावा गोल ५ जुलै २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न येथे, युरोपीय देशांच्या युरो स्पर्धेत वेल्सविरुद्ध झाला. नेदरलँड्सने तो सामना ३-० असा जिंकला. पुढचे दोन्ही सामने, इंग्लंडविरुद्ध ०-४ आणि फ्रान्सविरुद्ध २-५ असे हरून संघ साखळीतच बाद झाला, हेही पैज लावताना मित्रांना सांगावे.

प्रश्न : डच मुलींना सर्व सोयी आयत्या मिळाल्या, त्यामुळे त्यांचे यश साहजिकच म्हटले पाहिजे. आपल्या मुलींशी त्यांची तुलना कशाला करायची?
(वि. श्री. दे., मुलुंड)

उत्तर : आपला आक्षेप मी गांभीर्याने घेते, कारण वरच्या उत्तरात सोयींविषयी मीच बरेच लिहिले आहे. तरीही इतिहास पाहिला तर 'आयते' हा शब्द टिकत नाही. महिलांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना म्हणून नोंद असलेला सामना १७ एप्रिल १९७१ रोजी फ्रान्समधील हाझेब्रूक या गावी फ्रान्स आणि नेदरलँड्स यांच्यात झाला. नेदरलँड्सने तो ०-४ असा गमावला. म्हणजे हा संघ अगदी पहिल्या दिवसापासून मैदानात आहे, आणि तरीही महिला विश्वचषकात प्रथमच खेळायला त्याला २०१५ साल उजाडावे लागले. युरो स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांतसुद्धा तो २००९ मध्ये प्रथम पोहोचला. देशांतर्गत महिलांची सर्वोच्च लीग २००७ मध्ये सुरू झाली. या मधल्या काळात खेळलेल्या किती तरी स्त्रियांची नावे डच वाचकांनाही ठाऊक नसतील.

विश्वचषकाचे दार प्रथम उघडले ते मिडेमाच्या पायांनी, आणि तिच्या संपूर्ण कारकिर्दीतील मला सर्वांत मोलाचे वाटणारे दोन सामने हेच आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, अल्बानियाविरुद्ध तिने राष्ट्रीय संघात पदार्पण केले होते. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत युरोपातील शेवटची एक जागा उरली होती आणि तिच्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्स व इटली यांच्यात दोन सामने झाले. हेगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि एकूण गोल सारखे राहिल्यास परक्या मैदानावरचे गोल निर्णायक ठरत असल्यामुळे पारडे पाहुण्या इटलीकडे झुकले होते. दुसरा सामना व्हेरोना येथे, इटलीच्या घरच्या मैदानावर होता. नेदरलँड्सने तो २-१ असा जिंकला. दोन्ही सामन्यांतले मिळून तिन्ही डच गोल अठरा वर्षांच्या मिडेमाचे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये एकोणीस वर्षांखालील युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्धचा एकमेव गोलही तिचाच होता. त्रेचाळीस वर्षे अडलेली गोष्ट एका वर्षात, एका मुलीच्या हातून घडली. पण तिच्या मागे १९७१ पासून हरत-जिंकत खेळत राहिलेल्या सर्वजणी होत्या, असेच मी मानते.

प्रश्न : २०१७ ची युरो स्पर्धा तिने एकटीने जिंकून दिली असे म्हणतात, ते कितपत खरे?
(प्रा. म. गो., विलेपार्ले)

उत्तर : एकटीने असे म्हणणे तिच्या सहकाऱ्यांवर अन्याय करणारे होईल. स्पर्धा नेदरलँड्समध्येच होती. त्याच वर्षाच्या प्रारंभी सरिना विगमन यांच्याकडे प्रशिक्षकपद आले होते आणि संघाच्या शर्टावरील पारंपरिक सिंहाच्या जागी त्या स्पर्धेपासून सिंहीण आली. संघाने सहाच्या सहा सामने जिंकले. साखळीतल्या तीन सामन्यांत मिडेमाचा एकही गोल नव्हता. ते सामने व्हॅन डे सँडेन, शेरिडा स्पिट्से आणि लीके मार्टेन्स यांच्या गोलांवर निघाले. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही मार्टेन्सच ठरली. मिडेमा जागी झाली ती बाद फेरीत. उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनविरुद्ध एक, उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध एक आणि अंतिम सामन्यात दोन, असे तिचे चार गोल आहेत.

६ ऑगस्ट २०१७ रोजी एन्सखेडे येथे डेन्मार्कविरुद्ध झालेला अंतिम सामना ज्यांना मिळेल त्यांनी पूर्ण पाहावा. सहाव्या मिनिटाला नादिया नदीमने पेनल्टीवर डेन्मार्कला आघाडी मिळवून दिली आणि २८ हजारांवर प्रेक्षकांचे नारिंगी स्टेडियम क्षणभर गप्प झाले. चारच मिनिटांनी उजव्या बगलेवरून व्हॅन डे सँडेन धावत सुटली आणि तिने चेंडू गोलासमोर ढकलला. तिथे मिडेमा काय करते ते नीट पाहावे. चेंडू येईल त्या जागी ती आधी उभी राहत नाही. बचावपटूंची नजर बगलेकडे वळते, तेवढ्या अवधीत ती त्यांच्या अंगावरून पुढे येते आणि चेंडूला केवळ दिशा देते. प्रेक्षकाला हा गोल सोपा वाटतो, कारण अवघड भाग चेंडू येण्याआधीच उरकलेला असतो. पुढे मार्टेन्स, मग डेन्मार्ककडून पर्निले हार्डर, मग स्पिट्सेची फ्री किक असे गोल झाले आणि ८९ व्या मिनिटाला मिडेमाने चौथा गोल करून ४-२ वर शिक्का मारला.

दोन वर्षांनी, ७ जुलै २०१९ रोजी लियों येथे विश्वचषकाचा अंतिम सामना मात्र अमेरिकेने २-० असा जिंकला. नेदरलँड्सला त्या स्पर्धेतील सर्वांत मोठे यश तेवढेच मिळाले.

प्रश्न : गोल केल्यावर ती फारसा आनंद व्यक्त करत नाही. याला गर्विष्ठपणा म्हणावे का? माझ्या मुलाचे म्हणणे तसे आहे.
(शं. ना. का., गिरगाव)

उत्तर : मला तसे मुळीच वाटत नाही. तिने स्वतः अनेकदा सांगितले आहे, की गोल करणे हे तिचे काम आहे आणि गोलाआधीचा पास देणारीचा वाटाही तितकाच मोठा असतो. हे बोलणे तिच्या खेळाशी जुळते की नाही, हे तपासायला एक सामना पुरे आहे. बायर्न म्युनिककडून तीन हंगाम खेळून आणि दोन वेळा जर्मन लीग जिंकून ती २०१७ मध्ये लंडनच्या आर्सेनलकडे गेली. १ डिसेंबर २०१९ रोजी आर्सेनलने ब्रिस्टल सिटीचा ११-१ असा पराभव केला. त्यात मिडेमाने सहा गोल केले आणि आणखी चार गोलांसाठी पास दिले, म्हणजे अकरापैकी दहा गोलांत तिचा पाय होता, आणि एवढे करून तिला शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी विश्रांतीही देण्यात आली. सातवा, आठवा गोल करण्याची हाव असलेली खेळाडू चार वेळा चेंडू दुसरीकडे देत नाही. आपल्या चिरंजीवांना हा सामना जरूर दाखवावा.

त्याआधीच्या, २०१८-१९ च्या हंगामात तिने २२ गोल करून आर्सेनलला लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते आणि इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी त्या वर्षीची सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड केली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या हॅटट्रिकसह ती त्या लीगच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली. लीगमधला तो तिचा पन्नासावा सामना होता.

प्रश्न : टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने दहा गोल केले, तरी पदक मिळाले नाही. असे कसे?
(कु. स. वा., परळ)

उत्तर : कोरोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या त्या स्पर्धेत मिडेमा चार सामने खेळली. झांबियाविरुद्ध १०-३ अशा विजयात चार, ब्राझीलविरुद्ध ३-३ अशा बरोबरीत दोन, चीनविरुद्ध ८-२ अशा विजयात बदली खेळाडू म्हणून उतरून दोन आणि उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्ध दोन, असे तिचे दहा गोल झाले. महिला फुटबॉलमध्ये एका ऑलिम्पिकमधील यापूर्वीचा विक्रम सहा गोलांचा, कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचा होता. नेदरलँड्सचा महिला संघ ऑलिम्पिकमध्ये प्रथमच खेळत होता, हे ध्यानात घेतले तर हा आकडा अधिकच मोठा दिसतो.

आता पदकाविषयी. त्याच चार सामन्यांतील उलट बाजूचे आकडे मांडून पाहावेत : तीन, तीन, दोन आणि दोन. नेदरलँड्सने तेवीस गोल केले, पण दहा गोल स्वीकारलेही. झांबियाच्या बार्ब्रा बांडाने तर त्यांच्याविरुद्ध हॅटट्रिक केली होती. योकोहामातील अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात २-२ अशी बरोबरी असताना ८१ व्या मिनिटाला नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली आणि मार्टेन्सचा तो फटका अमेरिकेची गोलरक्षक अलिसा नेहर हिने अडवला. त्यानंतर शूटआऊटमध्ये पहिला फटका घ्यायला मिडेमा आली आणि तोही नेहरने अडवला. ज्या खेळाडूने चार सामन्यांत दहा वेळा चेंडू जाळ्यात धाडला, तिचा अकरावा फटका बारा यार्डांवरून, समोर एकच गोलरक्षक असताना चुकला. हा सामना मी घरी एकटीने पाहिला आणि त्या फटक्यानंतर काही वेळ मला आवाज बंद करून बसावे लागले. त्यानंतर विगमन इंग्लंडच्या प्रशिक्षक झाल्या आणि २०२२ व २०२५ अशा दोन्ही युरो स्पर्धा त्यांनी इंग्लंडला जिंकून दिल्या.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी महाविद्यालयाच्या संघात खेळते. पावसाळ्यात चिखलात वळताना तिच्या गुडघ्यातील एसीएल नावाचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली आहे. सर्व नातेवाईक खेळ सोडायला सांगत आहेत. मिडेमालाही हीच दुखापत झाली होती असे ऐकले. ती पुन्हा पूर्वीसारखी खेळली का?
(श्री. व सौ. भ., बोरिवली)

उत्तर : आपले पत्र वाचून मन अस्वस्थ झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. १५ डिसेंबर २०२२ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये लियोंविरुद्ध खेळताना मिडेमाचा हाच लिगामेंट फाटला. तिची जोडीदार आणि आर्सेनलमधली सहकारी बेथ मीड हिला त्याच्या महिनाभर आधीच ही दुखापत झालेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्याच संघातील लिआ विल्यमसन आणि लाऊरा वीनरॉइथर याही याच कारणाने बाहेर गेल्या. एका संघातील चौघी! मिडेमाला २०२३ चा विश्वचषक पूर्ण गमवावा लागला.

ती मैदानावर परतली ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी. परतल्यानंतरही गुडघ्याने तिला सुखाने खेळू दिले नाही आणि मधूनमधून लहान शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. २०२४ मध्ये आर्सेनलशी असलेला करार संपून ती मँचेस्टर सिटीकडे गेली. शंभरावा गोल तिने केला तो या सगळ्यानंतर, त्याच गुडघ्यावर उभे राहून. पूर्वीसारखी खेळली का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की पूर्वीइतके सलग खेळणे तिला जमले नाही, पण खेळ मात्र तिच्याकडेच राहिला. आता ती पुष्कळदा मागे येऊन पास देण्याच्या जागी खेळते.

ही दुखापत स्त्री खेळाडूंना पुरुषांच्या तुलनेत कितीतरी अधिक होते, सामान्यतः दोन ते तीन पट असे सांगितले जाते. उडी मारून उतरताना गुडघा आत वळणे, मांडीच्या मागील स्नायूंची ताकद कमी पडणे, पुरुषांच्या पायावर बेतलेले बूट, खराब मैदाने, विश्रांतीविना सामने, मासिक पाळीतील संप्रेरकांचे बदल अशी अनेक कारणे मांडली जातात आणि त्यांपैकी कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. खेळाडूंविषयीचे संशोधन इतकी वर्षे मुख्यतः पुरुषांवरच झाले, हे त्याचे एक मोठे कारण आहे आणि मिडेमाने हा मुद्दा जाहीरपणे, वारंवार मांडला आहे. तिच्या शंभर गोलांइतकीच ही कामगिरी मला महत्त्वाची वाटते.

आपल्या मुलीविषयी दोनच गोष्टी सांगते. पुनरागमनाची तारीख नातेवाइकांनी, प्रशिक्षकांनी किंवा स्पर्धेच्या वेळापत्रकाने ठरवायची नसते. ती शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी दोन्ही पायांची ताकद तपासून ठरवायची असते आणि नऊ महिन्यांच्या आत घाई करू नये, असाच सल्ला साधारणपणे दिला जातो. दुसरे असे, की ती परत खेळू लागली की 'फिफा ११+' या नावाने ओळखली जाणारी खेळाआधीच्या व्यायामांची सुमारे वीस मिनिटांची तयारी तिच्या संपूर्ण संघाने आठवड्यातून किमान दोनदा करावी. तिला पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही, आणि ती नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय कमी होतात हे सिद्ध झालेले आहे. तरीही आपल्या मैदानांवर मुली बसमधून उतरतात, घोट्याला पट्टी गुंडाळतात, दोन फेऱ्या धावतात आणि सामना सुरू होतो. उन्हाळ्यात दगडासारखे आणि जुलैत चिखलाचे, अशा आपल्या मैदानांवर तर ही वीस मिनिटे टाळणे मला अक्षम्य वाटते. खेळ सोडायचा की नाही, हे मुलीला ठरवू द्या.

प्रश्न : तिथे स्त्री-पुरुषांना सारखे पैसे मिळतात का?
(ग. ल. सा., भांडुप)

उत्तर : राष्ट्रीय संघापुरते, होय. डच फुटबॉल संघटनेने २०२२ पासून दोन्ही संघांतील खेळाडूंचे मानधन समान केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या क्रिकेट नियामक मंडळानेही कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीयसाठी ६ लाख आणि टी-२० साठी ३ लाख रुपये असे समान सामना-मानधन जाहीर केले होते. क्लबांच्या वेतनात मात्र दोन्हीकडे मोठी दरी आहे.

प्रश्न : आपल्या देशातील मुलींपैकी कोणी युरोपात खेळले आहे काय?
(सौ. नी. ठा., घाटकोपर)

उत्तर : मणिपूरच्या बालादेवीने २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार केला आणि पंजाबच्या मनीषा कल्याणने २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळण्याचा पहिला भारतीय मान मिळवला. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवून भारतीय महिला संघ २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. २०२२ चा आशियाई चषक तर मुंबई-पुण्यातच होता आणि संघात कोरोनाची लागण झाल्यामुळे आपल्या मुलींना तो अर्ध्यावर सोडावा लागला होता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही झाला. त्यात स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले.

प्रश्न : मी तेरा वर्षांची आहे. माझा डावा पाय अगदी कच्चा आहे. मिडेमा दोन्ही पायांनी गोल करते का? मी काय करू?
(कु. मृ., शिवडी)

उत्तर : प्रिय मृ., हो, ती दोन्ही पायांनी गोल करते आणि बचावपटूंना तिची भीती वाटते ती त्यामुळेच, कारण तिला कोणत्या बाजूला ढकलावे हे त्यांना कळत नाही. तुझ्या घराजवळ एखादी भक्कम भिंत असेल तर खडूने तिच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीची एक चौकट आखून घे. पाच पावलांवर उभी राहा. डाव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू चौकटीत मारायचा आणि परत आलेला चेंडू डाव्याच पायाने थांबवायचा. थांबवणे मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे, त्यात आळस करू नकोस. रोज शंभर वेळा. पहिले पंधरा दिवस चेंडू भलतीकडे जाईल आणि तुला उजवा पाय वापरण्याचा मोह होईल, म्हणून उजव्या पायात साधी चप्पल आणि डाव्या पायात बूट घालून सराव कर, म्हणजे उजवा पाय आपोआप जमिनीवर राहील. महिन्याभराने दोन पावले मागे सरक आणि चौकट निम्मी कर. भिंतीपलीकडे ज्यांचे घर असेल त्यांना आधी विचार आणि दुपारी दोन ते चार मारू नकोस. दिवाळीपर्यंत शंभरापैकी किती चेंडू चौकटीत जातात, ते मला पत्राने कळव.